रांगणाऱ्या बाळाला टॉनिक द्यावे का?

प्रश्न : आमची मुलगी नऊ महिन्यांची आहे. सगळ्या लसी वेळेवर झाल्या, वजनही छान वाढते आहे. नुकतीच रांगू लागली. तिची तब्येत अशीच चांगली राहावी म्हणून एखादे टॉनिक सुरू करू का?
– एक आई

उत्तर : टॉनिक नको. (डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले असतील, तर ते मात्र चालू ठेवा.) ती रांगू लागली हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण माझं लक्ष तिथेच अडकलं. आजच जमिनीवर बसा आणि तिच्या हाताला काय काय लागतं ते बघा.

सर्वांत आधी रिमोट, वजनकाटा आणि गाणी वाजवणारी खेळणी उलटी करा. आत नाण्यासारखी चपटी बॅटरी असेल, तर झाकण स्क्रूने घट्ट बसलेलं हवं. नसेल, तर ती वस्तू आजच उचलून ठेवा. ही बॅटरी अन्ननलिकेत अडकली की तिच्यातल्या विजेने तिथे कॉस्टिक सोड्यासारखा दाहक पदार्थ तयार होतो आणि दोन तासांत आतून भाजतं. वापरून संपलेल्या बॅटरीतही तेवढा जोर उरलेला असतो.

माझ्याकडे एक बाळ आलं होतं. लाळ गळत होती, दूध घेत नव्हतं. दात येत असतील असं घरच्यांना वाटलं, आणि खरं सांगते, क्षणभर मलाही. एक्स-रेत गोल सावली दिसली, कडेला दुहेरी रेघ. नाण्याला अशी रेघ नसते. ती रेघ मी विसरलेले नाही.

नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, त्रास सुरू होण्याची वाट बघू नका, थेट एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेलं रुग्णालय गाठा. वर्षावरच्या मुलांना वाटेत मध चाटवतात, पण तुमच्या मुलीला वर्षाच्या आत मध अजिबात द्यायचा नाही.

बादली वापरून झाली की रिकामी करून पालथी ठेवा. बाळाचं डोकं जड असतं, तोल गेला तर त्याला स्वतःला वर येता येत नाही, आणि बुडायला दोन इंच पाणीही पुरतं.

आणि घरात आजी-आजोबा असतील, तर त्यांच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या उशाशी नकोत. कुलपाच्या कपाटात ठेवा. पाहुण्यांची पर्सही जमिनीवर राहू देऊ नका.