डिजिटल पेमेंटमुळे बँकेची सेवा सुधारली का? माझ्या आईचे पैसे अडकले होते तेव्हाचं सांगतो

तुम्ही विचारलंय की डिजिटल पेमेंट आल्यापासून बँकेची सेवा सुधारली का. पैसे पाठवायची सुधारली, पैसे अडकल्यावरची अजिबात नाही.

मागच्या उन्हाळ्यात आईसोबत नागपूरच्या इतवारीत मस्कासाथला गेलो होतो, वर्षभराच्या तिखटाची मिरची घ्यायला. आईनं स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या पेन्शनमधून क्यूआर स्कॅन करून 2,640 टाकले. कटल्याचा मेसेज आला पण दुकानातला साउंडबॉक्स काही बोलेना. दुकानदार म्हणे, माऊली, माझ्याकडे आलेच नाहीत तर माल कसा देऊ. त्याचंही बरोबर होतं, मग मी नगदी दिले. ऑटोत आई घरापर्यंत पिशवीचं तोंड मुठीत आवळून बसली होती, एक शब्द नाही.

सहा दिवस वाट पाहून ब्रांचला गेलो. काउंटरवरचे साहेब म्हणे हे यूपीआयचं आहे, अ‍ॅपवाल्यांना विचारा. अ‍ॅपवाले म्हणे बँकेला विचारा. काहून बापा, पैसे खात्यातूनच कटले ना! रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर 2019 चं सर्क्युलर आहे, दुकानदाराला पोचले नाही तर 5 दिवसांत आपोआप परत यायला पाहिजे, नाही आले तर पुढच्या दर दिवसाचे 100 रुपये ग्राहकाला, तेही न मागता. त्याची प्रिंट जोडली, त्या व्यवहाराचा यूटीआर नंबर टाकून लेखी अर्ज दिला आणि कॉपीवर शिक्का मारून घेतला. 23 व्या दिवशी 2,640 आले, वरून 1,800.

आणि आमचा दादा काय म्हणतो, "तिच्या हातात फोन देऊ नको म्हटलं होतं ना." दोन वर्षांपासून हेच चाललंय. अरे, हीच आई दर महिन्याला विड्रॉल स्लिप भरून, टोकन हातात घेऊन दोन-दोन तास बाकावर बसायची, मधे पैसे लागले तर पोरांना मागायची, ते नाही दिसलं कधी? चूक बँकेची आणि फोन आईचा काढून घ्यायचा? तुमच्या घरी कोणी असं म्हणत असेल तर ऐकू नका, आईबाबांना स्कॅन करायला शिकवता तसं तक्रार टाकायलाही शिकवा.

हां, हे फक्त अडकलेल्या पैशाचं बरं का. चुकीच्या नंबरवर टाकले किंवा ठगाला गेले तर हे 100 रुपये मिळत नाहीत, ठगवलं असेल तर आधी सायबर हेल्पलाइन 1930 ला फोन लावा, तेही लगेच. आणि बँकेनं 30 दिवसांत उत्तर नाही दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार होते, फी लागत नाही, फक्त तो शिक्क्याचा कागद जपून ठेवा.