लॉ कॉलेजचा डीन कोर्टात न जाता कायदा बदलू शकतो का?

प्रश्न असा की डीन तर नुसतं कॉलेज चालवतो, त्याने कायद्यात काय फरक पडणार. माझ्या मते अमेरिकेतले कृष्णवर्णीय वकील चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांचं करिअर बघा, लगेच पटेल. हार्वर्डमधे शिकलेले, तिथल्या लॉ रिव्ह्यू या कायद्याच्या नियतकालिकाचे पहिले कृष्णवर्णीय संपादक, आणि १९२९ मधे वॉशिंग्टनच्या हॉवर्ड या मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठातल्या लॉ स्कूलचे व्हाइस डीन झाले, म्हणजे पदाच्या नावात व्हाइस असलं तरी कारभार सगळा त्यांच्याच हातात.

त्यांनी आल्या आल्या रात्रीचे वर्ग बंद करून पूर्णवेळ कोर्स केला, त्यावर बरीच ओरड झाली, कारण नोकरी करून शिकणारे पुष्कळ होते आणि त्यांचं चुकीचं होतं असंही नाही, पण १९३१ मधे कॉलेजला पूर्ण मान्यता मिळाली. पुढे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झालेले थरगुड मार्शल त्यांचेच विद्यार्थी, १९३३ ला पहिले आले.

मला सगळ्यात भारी वाटतं ते वेगळंच. हा माणूस कॅमेरा घेऊन साउथ कॅरोलायनात गेला आणि गोऱ्या मुलांच्या पक्क्या शाळा आणि काळ्या मुलांच्या मोडक्या खोल्या फिल्मवर टिपून आणल्या, पुरावा म्हणून! नंतर डीनपद सोडून ते एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे वकील झाले, त्यामुळे कोर्टात गेलेच नाहीत असं नाही, १९३८ ची गेन्स केस (काळ्या विद्यार्थ्याला मिसुरी राज्याच्या लॉ स्कूलने प्रवेश नाकारला, त्याबद्दलची) त्यांनीच सुप्रीम कोर्टात जिंकली. १९५० मधे वारले, वय फक्त ५४. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा ब्राउन केसचा निकाल आला १९५४ ला आणि ती केस लढवली मार्शल आणि ह्यूस्टननी घडवलेल्या इतर वकिलांनी.