ज्ञानेश्वरी पुढे सरकत नाही

प्रश्न : वय ४६. शाळा सुटल्यावर पुस्तक हाती धरलं नव्हतं. कापसाची वेचणी उरकल्यावर ज्ञानेश्वरी उघडली, पण सुरुवातीलाच अडकलो. जुनं साहित्य आमच्यासाठी नाहीच का? (शेतकरी वाचक, आर्णी तालुका)

उत्तर : आहे, नक्कीच आहे! पहिला अध्याय गणेशाच्या लांब रूपकानं उघडतो. दर्शनांची म्हणजे तत्त्वज्ञानाच्या शाखांची, शास्त्रांची नावं ओळखीची नसली की तिथंच दमछाक होते. आधी म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’ घ्या, म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी. तेराव्या शतकातलं हे गद्य आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला आकाराला आलं. कित्येक लीळा, म्हणजे त्यातले प्रसंग, पानाभरातच संपतात. वाचनालयात टिपांची प्रत मागा, नुसती मूळ संहिता नको. रोज एकच लीळा, मोठ्यानं, दोनदा वाचा. पहिल्यांदा न थांबता. दुसऱ्यांदा अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ. टिपा त्यानंतरच, कारण दर शब्दाला खाली पाहिलं की वाक्याचा ताल तुटतो. ‘गोसावी’ आणि ‘सर्वज्ञ’ म्हणजे चक्रधरस्वामीच, एवढं ध्यानात ठेवलं तरी कोण बोलतंय हा गोंधळ बराच मिटतो. क्रियापदांची जुनी रूपं पाठ करू नका, कान आपोआप रुळतो. मग ज्ञानेश्वरी पुन्हा उघडा, पण भक्तियोगाच्या १२ व्या अध्यायापासून. तो लहान आहे. रोज दहा ओव्या पुरेत.