हॅलोवीन, साउइन आणि शतं समाः

एका वाचकाने विचारले आहे की मराठीत 'हॅलोविन' लिहावे की 'हॅलोवीन', आणि हा सण मुळात 'सॅमहेन' नावाच्या केल्टिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंड-वेल्सकडच्या प्राचीन लोकांच्या, मृत्युदेवाचा होता ही सर्वत्र छापून येणारी माहिती बरोबर आहे काय.

पहिल्या प्रश्नात फारसे काही नाही. 'हॅलो' म्हणजे संत आणि 'ईन' हे संध्याकाळ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे स्कॉटलंडमध्ये रूढ झालेले आखूड रूप. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण असतो, त्याची पूर्वसंध्या ती हॅलोवीन. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने १७८५ साली याच नावाची दीर्घ कविता लिहिली आहे. मुळातला 'ई' दीर्घ आहे आणि मराठीच्या नियमानेही अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घच होतो, तेव्हा 'हॅलोवीन' लिहावे. टेलिफोनवरच्या 'हॅलो'चा येथे काहीही संबंध नाही.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र माझा संयम सुटतो, कारण दर ऑक्टोबरात हा 'सॅमहेन' मराठी लेखांतून हटकून डोके वर काढतो. हा शब्द आयरिशमध्ये Samhain असा लिहितात, आणि त्या लेखनात 'म'नंतर येणारा 'ह' उच्चारायचा नसतो. 'म' शिथिल होऊन त्याचा 'व'कडे झुकणारा ध्वनी झाला आहे, एवढेच तो सांगतो. त्यामुळे आजचा उच्चार 'साउइन'च्या जवळपास जातो, आणि तो लिहायला देवनागरीला कसलीच अडचण नाही. इंग्रजी वाचकाला हे समजावून सांगावे लागेल, पण मराठी माणसाला ते परके वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्या भाषेतही 'ग्राम'चे गाव आणि 'नाम'चे नाव याच वाटेने झाले, आणि जुन्या लेखनातल्या 'गांव', 'नांव' या शब्दांवरचा अनुस्वार त्या हरवलेल्या 'म'चीच खूण होता. (उच्चार 'सावन'सारखा ऐकू येतो म्हणून कोणी त्याचे नाते श्रावणाशी जोडू नये, ते साम्य निव्वळ योगायोगाचे आहे.)

आता त्या देवाविषयी. प्राचीन आयरिश वाङ्मयात साउइन नावाचा मृत्युदेव नाही. तो पसरवण्याचे श्रेय अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आयर्लंडमध्ये असलेल्या चार्ल्स व्हॅलन्सी या ब्रिटिश लष्करी अभियंत्याकडे जाते. आयरिश भाषेचे मूळ भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्राचीन फिनिशियनांत शोधणाऱ्या या गृहस्थांना शब्दांचा अभ्यास करण्यापेक्षा त्यांच्यावर कवायत करून घेणे अधिक जमत असावे. साउइन हा काळाचा शब्द आहे. 'एव्हेरचे प्रियाराधन' या जुन्या आयरिश कथेत वर्षाचे स्पष्ट दोन भाग सांगितले आहेत: बेल्टेनपासून, म्हणजे मेच्या आरंभापासून, साउइनपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत, उन्हाळा आणि साउइनपासून पुन्हा बेल्टेनपर्यंत हिवाळा. तेथेच 'साम' म्हणजे उन्हाळा आणि 'फुइन' म्हणजे शेवट अशी फोडही दिली आहे. तिचा उत्तरार्ध लोकव्युत्पत्तीचा, म्हणजे ध्वनिसाम्यावरून अंदाजाने लावलेला, आहे, पण पूर्वार्ध माझ्या मते सोन्यासारखा खरा आहे.

कारण हा 'साम' आपल्या घरातला शब्द आहे. इंग्रजीतला 'समर', जर्मनमधला 'झोमर', वेल्शमधला 'हाव', अवेस्तातला 'हम' आणि संस्कृतातला 'समा' ही सगळी एकाच मुळाची रूपे होत. 'जिजीविषेत् शतं समाः' असे ईशोपनिषद म्हणते तेव्हा त्या शंभर वर्षांच्या पोटात मुळात शंभर उन्हाळे आहेत. ऋतूच्या नावाने वर्ष मोजण्याची ही रीत आपल्याकडे चांगलीच मुरलेली आहे: ऋग्वेदात 'शतं हिमाः' आहे, 'शरदः शतम्' आहे, खुद्द 'वर्ष' हा शब्द पावसापासून आला आहे, आणि आजही आपण तरुणांना गप्प करताना 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत' असेच म्हणतो. त्यातही मला सर्वांत मोहवणारी गोष्ट अशी की अथर्ववेदातल्या 'समा'चा एक अर्थ कोशकारांनी 'अर्धवर्ष' असा दिला आहे. पश्चिमेच्या टोकाच्या आयरिश परंपरेत वर्षाची दोन शकले जेथे जोडली जातात त्या सांध्याला साउइन म्हणावे, आणि इकडे 'समा'ने वर्षाचे अर्धे शकल दाखवावे, हे मला केवळ योगायोगाचे वाटत नाही.

हे सर्वांना मान्य नाही. व्हिटली स्टोक्स यांनी १९०७ साली साउइनचे मूळ 'एकत्र जमणे' या अर्थाचे ठरवले आणि त्याचे नाते संस्कृत 'समन', म्हणजे मेळावा, या शब्दाशी जोडले. स्टोक्स हे कोणी ऐरेगैरे नव्हेत. आयरिश भाषेचे हे धुरंधर पंडित वीस वर्षे हिंदुस्थानात सरकारी कायदेतज्ज्ञ होते आणि व्हाइसरॉयच्या मंडळाचे विधिसदस्यही झाले. जुन्या कथांत साउइनला मोठे मेळावे भरतात हेही खरे आहे. आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांताचे लोक साउइनच्या आधी तीन दिवस, नंतर तीन दिवस आणि त्या दिवशी असे सात दिवस जमत. परंतु सणाला माणसे जमतात म्हणून सणाच्या नावाचा अर्थ जमाव होत नाही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ जोझेफ व्हांद्रिएस यांनी उन्हाळ्याचा संबंध तोडताना म्हटले की केल्टिक उन्हाळा जुलैतच संपतो, आणि जुलैच्या वेल्श नावाचा अर्थ 'उन्हाळ्याचा शेवट' आहे हेही खरेच. मग त्याच वेल्शमध्ये मेच्या आरंभाला 'कन्तेविन', म्हणजे पहिला उन्हाळा, आणि जूनला 'मेहेविन', म्हणजे मधला उन्हाळा, म्हणतात, आणि मेच्या पहिल्या दिवसाच्या, 'बेल्टेन'खेरीजच्या, दुसऱ्या जुन्या आयरिश नावातही हाच 'साम' दडलेला आहे, त्याचे काय करायचे? या तीन नावांत जो उन्हाळा उघड दिसतो तो चौथ्या नावातून हाकलून देण्यास याहून भक्कम कारण हवे. फ्रान्समधील कोलीन्यी येथे १८९७ साली काशाच्या पत्र्यावर कोरलेले गॉल लोकांचे, म्हणजे तेथील प्राचीन केल्टांचे, पंचांग तुकड्यातुकड्यांनी सापडले, त्यात 'समोनी' या साउइनशी मिळत्याजुळत्या नावाच्या महिन्यातल्या तीन रात्रींचा उल्लेख आहे. पण तो महिना उन्हाळ्याचा की हिवाळ्याच्या तोंडाचा यावर विद्वान अजून भांडत आहेत, तेव्हा त्याला साक्षीला बोलावण्याची घाई मी करणार नाही.

चर्चने साउइन गिळंकृत करण्यासाठीच संतांचा सण १ नोव्हेंबरला आणला, असे मानववंशशास्त्रज्ञ सर जेम्स फ्रेझर यांच्यापासून सगळे सांगत आले आहेत. ज्या आयर्लंडमधून हा सण उचलला म्हणतात, तेथील जुन्या संत-पंचांगात मात्र सर्व संतांचा दिवस २० एप्रिलला आहे. नोव्हेंबरचा आग्रह ८०० च्या सुमारास धरणारा धर्मपंडित आल्क्विन मूळचा इंग्लंडमधील यॉर्कचा आणि त्याने लिहिले ते जर्मन मुलखातल्या साल्झबुर्गच्या आर्चबिशपला. पुढे ८३५ मध्ये सम्राट लुई याने तो दिवस फ्रँकांच्या राज्यात, म्हणजे ढोबळमानाने आजच्या फ्रान्स-जर्मनीत, लागू केला. म्हणजे ही तारीख जर्मन मुलखातून आलेली दिसते, आणि इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी हे दाखवून दिल्यावरही जुनेच पालुपद चालू आहे.

हॅलोवीनसाठी वापरला जाणारा 'पाश्चात्यांचा पितृपक्ष' हा शब्दप्रयोगही आवरावा. मृतांसाठी प्रार्थनेचा दिवस २ नोव्हेंबर हा आहे. फ्रान्समधील क्लूनीच्या मठाचे प्रमुख ओडिलो यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस त्याची प्रथा घातली, आणि गोव्यातले व वसईतले ख्रिस्ती त्याच दिवशी आपल्या माणसांच्या कबरींवर जातात. तुलना करायचीच तर त्या दिवसाशी करावी. हॅलोवीनला कोरतात त्या भोपळ्याचेही तसेच: आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये सलगम कोरून दिवा करीत, भोपळा अमेरिकेत गेल्यावर मिळाला. आणि दारोदार फिरणाऱ्या मुलांची 'ट्रिक ऑर ट्रीट' ही आरोळी तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या कॅनडातील वृत्तपत्रांतून प्रथम दिसू लागते, तेव्हा तिलाही 'प्राचीन केल्टिक' म्हणणाऱ्यांनी व्हॅलन्सी यांच्याच पंगतीला बसावे.