उडाल्याशिवाय नाव लिहू नकोस

प्रिय बाबू,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोटो मिळाला. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवरच्या त्या तांबूस पक्ष्याला तू 'लाल तापस' (बगळ्याच्याच कुळातला एक पक्षी) म्हटलंस. बाबू, ती ढोकरी आहे, तळ्याकाठचा छोटा बगळा. हीच चूक माझ्या पहिल्या वहीत आहे. जून संपताना गावच्या चिंचेवर एक बसलेली दिसली. पाठ गडद मरून, मान पिवळट, चोच बुडाशी निळसर. मी ठासून 'तापस' लिहिलं. तेवढ्यात ती उडाली आणि पांढरेशुभ्र पंख उघडले! त्या दिवसापासून पंख बघितल्याशिवाय मी नाव लिहीत नाही.

एरवी ढोकरी मातकट असते, गळ्या-छातीवर तपकिरी रेघा. बांधीच्या (धानाच्या खाचराच्या) धुऱ्यावर बसली तर ढेकूळच वाटते. विणीच्या दिवसांतच तिला हा मरून रंग चढतो. पण पंख बाराही महिने पांढरे. लाल तापसाचे पंख उडतानाही तांबूसच राहतात, पिवळ्या तापसाच्या पंखांतली उडायची पिसं काळी दिसतात. रोवणी झालेल्या धानात तापसही असतो, म्हणून घोटाळा होतो. चाहूल लागली की तो चोच आभाळाकडे करून काडीसारखा ताठ उभा राहतो. ढोकरी मात्र मान खांद्यांत ओढून, कुबड काढल्यासारखी बसते.

ती उडावी म्हणून खडा मारू नकोस. हे मी कळकळीनं सांगतो. बस आणि बघ. काठाच्या उथळ पाण्यात ती इतकी हळू पाय टाकते की तरंगही उठत नाही. मग मान एकदम सुटते आणि चोचीत बेडूक आडवा असतो. तो फिरवून, डोक्याकडून गिळते. हे एकदा तरी डोळ्यांनी बघ, फोटोचं राहू दे. पोट भरलं की स्वतःच उडेल, घशातून खरखरीत 'क्वाक' करत.

बाय द वे, तिचं शास्त्रीय वर्णन साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं 1832 साली केलं, तेही आपल्या दख्खनच्या पक्ष्यांवर लिहिताना.

पावसाळ्यात त्या चिंचेवर घरटी असतील, एका घरट्यात 3 ते 5 निळसर-हिरवी अंडी. लांबूनच बघ. झाडाखाली घोळका झाला की पिल्लं बिचकून खाली पडतात. वहीत 'उडताना पंख' असा एक रकाना पाड आणि रोवणी आटोपली की वही घेऊन ये. आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर पहाटेच बसू.

तुझा,
काका