‘माहीत नाही’ आणि हिरवा राडा

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनात सातवी-आठवीची मुलं छोटी प्रहसनं करणार आहेत. कॅनडातल्या एका जुन्या मालिकेत मुलांच्या डोक्यावर हिरवं काहीतरी ओतत असत. ते काय होतं? रंगमंचावर जमेल का?
– एक शिक्षिका

उत्तर : ती मालिका ‘यू कान्ट डू दॅट ऑन टेलिव्हिजन’. ओटावाच्या सीजेओएच वाहिनीवर १९७९ मध्ये सुरू झाली, पुढे अमेरिकेत निकलोडियन या मुलांच्या वाहिनीवर गाजली आणि १९९० पर्यंत चालली. नियम एकच होता : मुलाच्या तोंडून ‘मला माहीत नाही’ निघालं की वरून हिरवा लगदा, ‘पाणी’ निघालं की पाणी. लगद्यात हिरवी जेली पावडर आणि ओट्स असत. केसांतून सहज निघावा म्हणून पुढे बेबी शाम्पूही घालू लागले.

तुम्ही कॉर्नफ्लोअरची खळ करा. एका मुलासाठी दोन लिटर पुरते. ८० ग्रॅम कॉर्नफ्लोअर आधी कपभर गार पाण्यात कालवा, मगच उकळत्या पाण्यात ओता. थेट टाकलंत तर गुठळ्या होतात. सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवा. पूर्ण गार झाल्यावर चिमूटभर खायचा हिरवा रंग आणि दोन चमचे बेबी शाम्पू मिसळा. शाम्पू हलक्या हाताने ढवळा, फेस झाला तर लगदा पांचट दिसतो. गार झाल्यावर खळ आणखी घट्ट होते, तेव्हा ओतण्याआधी पळीने धार पाहा. रंग कपड्यांना लागतो, म्हणून जुना सदरा द्या.

बादली डोक्यापासून हातभरच वर असावी आणि धार टाळूच्या जरा मागे पडावी. मुलाने वाक्य संपवून तोंड मिटायचं, मनात ‘एक’ मोजायचं, मग ओतायचं. ही एका मात्रेची थांबच खरा विनोद आहे, कारण नियम प्रेक्षकांना आधीच ठाऊक असतो आणि ते वाट पाहत असतात. बहुतेक ठिकाणी इथेच फसतं : मूल आधीच वर बघतं किंवा खांदे आक्रसतं. तालमी रिकाम्या बादलीने भरपूर घ्या, लगदा फक्त प्रयोगाला. खाली ताडपत्री, वर जुनं सुती कापड पसरा. नुसती ताडपत्री निसरडी होते. कॉलर माइक आधी काढा. हा प्रवेश शेवटचाच ठेवा, मध्ये पुसायला वेळ मिळत नाही.

प्रश्न : मुलं लांब संवाद विसरतात. प्रहसन केवढं असावं?

उत्तर : चार वाक्यांचं पुरे! त्या मालिकेत शाळेच्या लॉकरांची रांग असे. एक दार उघडून मूल प्रश्न विचारी, दुसऱ्या दारातून उत्तर येई, दार बंद, विनोद संपला. पाठांतर कमी आणि दहा-बारा मुलांना काम मिळतं. फ्रिजचे पुठ्ठ्याचे खोके उभे करून दारं कापा, पण दाराला आतून पातळ प्लायवूड लावा, नाहीतर ते आपटल्याचा आवाज येत नाही आणि तो आवाजच पडद्याचं काम करतो. खोक्यात आवाज कोंडतो, म्हणून माइक पुढे जमिनीवर ठेवा. हशा ओसरू लागल्याशिवाय पुढचं दार उघडायचं नाही.

प्रश्न : मोठ्यांच्या भूमिका कोणी कराव्यात?

उत्तर : एकाच शिक्षकाने. त्या मालिकेत शिक्षक, बाबा, हॉटेलवाला, तुरुंगाचा पहारेकरी सगळे लेस लाय हा एकच नट करी. फक्त टोपी आणि आवाज बदला. मुलांना ओळखीचा चेहरा पुन्हा दिसला की हशा आपोआप येतो.