एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) असताना व्यायामाला मन कसं तयार करावं?

तुम्ही लिहिलंय की निदान होऊन दोन वर्षं झाली, डॉक्टर 'चाला' म्हणतात, पण सकाळी अंगात त्राणच नसतं आणि घरचे आळशी म्हणतात. आधी एक सांगते, हा आळस नाही. एमएसमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण झिजतं, मग पाय उचलायचा साधा निरोपही नीट पोचत नाही. एमएसचा शीण झोपूनही जात नाही. घरच्यांना एकदा न्यूरॉलॉजिस्टकडे सोबत न्याच.

मलाही एमएस आहे. मी दोन वर्षं जपून बसून राहिले, त्यानं पाय जास्तच लटके पडले. पूर्वी डॉक्टरसुद्धा एमएसमध्ये व्यायाम नको म्हणत. मला मात्र भीतीनं अडवलं होतं. एप्रिलमध्ये मंडईतून भर उन्हात येताना डोळ्यांपुढे धूसर झालं. वाटलं, आता गेली नजर. घरी पंख्याखाली बसले, तासाभरात दिसायला लागलं. अंग तापलं की जुनी लक्षणं तात्पुरती डोकं वर काढतात, निवलं की जातात, त्यानं नवी इजा होत नाही. श्रमानं नजर अशी तात्पुरती धूसर होते, हे उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्येच नोंदवलंय. हे कळलं आणि घामाची धास्ती गेली. (त्रास २४ तासांहून जास्त टिकला तर मात्र डॉक्टरांना फोन करायचाच.)

आता उजाडता उजाडता सारसबाग, मानेवर ओला पंचा. मन होईल तेव्हा जाऊ, हे सोडून दिलं. शेजारच्या काकू फाटकाशी उभ्या असतात, त्यांना ताटकळत ठेवणं जमत नाही, म्हणून निघते. सुरुवात पाच मिनिटांची होती. दमण्याआधीच बाकावर टेकायचं, आणि ते टेकणंही चालण्यातच धरायचं. कॅनडातल्या तज्ज्ञांनी सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांसाठी सांगितलंय ते आठवड्यातून दोनदा ३० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा. रोज नाही! हे वाचून मला केवढा धीर आला होता. ताकदीसाठी फिजिओनं दिलेला एक प्रकार मी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत करते: हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, बसायचं. तोल जात असेल तर ओट्याजवळच करा.

गेल्या पावसाळ्यात रिलॅप्स आला, म्हणजे आजार पुन्हा उसळला, स्टेरॉइड झाले, दीड महिना सगळं बंद. जुन्या वहीत ३० मिनिटांच्या नोंदी होत्या, त्या बघून रडू यायचं. ती कपाटात ठेवली आणि नव्या वहीत पहिल्या पानावर लिहिलं: पाच मिनिटं.